गुनवोरचे पडून काढलेले महिने

पोटावर उशी बांधायची, वरून नवऱ्याचा जुना लोकरी स्वेटर चढवायचा आणि खुर्चीत धप्पकन बसायचं, ही गुनवोरची शिकवायची तऱ्हा. डोंगरांमध्ये खोल शिरलेल्या खाडीच्या, फ्योर्डच्या, काठच्या त्या कॉलेजात ती सुईणीचं काम शिकणाऱ्या मुलींना शिकवायची.

"हं, मला सातवा लागलाय. कंबर मोडलीय, पाय सुजलेत. मला चालायला कोण लावतंय ते बघू!"

त्या दिवशी तिरिलची पाळी होती. तिरिल अभ्यासात हुशार. ती घडाघडा बोलू लागली. "गरोदरपणात हालचाल ठेवली की साखर आटोक्यात राहते, झोप चांगली लागते, कंबरेला आराम..."

गुनवोरनं भलीमोठी जांभई दिली.

"झालं तुझं कीर्तन? आता मी घरी जाऊन सोफ्यावर आडवी होणार, आणि आपलं चुकतंय म्हणून मनाला लावून घेत बसणार. म्हणजे चालणंही नाही आणि सोफ्याचं सुखही नाही."

वर्ग हसला. तिरिल लालबुंद झाली. "मग म्हणू तरी काय?"

"आधी विचार, रक्त जातंय का, चक्कर येते का, कुठं दुखतंय का, डॉक्टरनं काही मनाई केलीय का. ते सगळं ठीक असेल तर एवढंच विचार, की पोट यायच्या आधी तुला काय करायला आवडायचं? आणि मग तोंड मिटून बस."

हा प्रश्न गुनवोरला कुणी विचारला नव्हता. ती पंचविशीत असताना तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात कळा आल्यासारखं झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पडून राहा. त्या काळी सगळ्यांनाच तसं सांगत. डोंगर पायाखाली घालणारी ही बाई निमूट पलंगावर पडली. उन्हाळा आला, छतावरच्या फळ्यांमधल्या गाठी तिला पाठ झाल्या. बाळ वेळेआधी आलं. मुलगी होती. रडली नाही. तिचं नाव त्यांनी सिग्ने ठेवलं आणि चर्चच्या आवारात तिला मातीत ठेवलं. पुन्हा कूस उजवली नाही. नवरा आर्नफिन आणि ती, दोघांनीही त्या उन्हाळ्याचा विषय पुन्हा काढला नाही.

एप्रिलमध्ये तिरिलला घेऊन गुनवोर दवाखान्यात बसली होती. योरुन् नावाची बाई तपासणीला आली. मासळीच्या कारखान्यात कामाला, सहावा महिना, सगळं ठीकठाक. तिरिलनं आधी विचारायचं ते विचारलं, मग तो प्रश्न विचारला आणि ओठ घट्ट मिटले. तिला ते किती जड जात होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं.

योरुननं खिडकीतून पाण्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "वल्हवायला. आजोबांची होडी आहे आमची. पण सासूबाईंनी वल्ही कुलपात घातलीत. म्हणतात, हात ताणलेस तर बाळाच्या गळ्याला नाळेचा फास बसेल."

तिरिलनं गुनवोरकडं पाहिलं.

"फासबीस काही बसत नाही," गुनवोर म्हणाली. "होडीत चढता-उतरताना हाताला हात हवा. पाणी शांत असलं तरच जायचं, काठ सोडायचा नाही, आणि लाइफ जॅकेट घालायचंच. बोलताना धाप लागायला लागली की वल्हं खाली. एकटीनं मात्र नाही जायचं."

"सोबतीला कोण? नवरा तर मोठ्या बोटीवर, उत्तरेला."

"मी येते," तिरिल म्हणाली.

"तुला पोहता येतं?" योरुननं विचारलं, आणि तिघीही हसल्या. शेवटी गुनवोरही निघाली.

सासूबाईंनी वल्ही दिली, पण धक्क्यावर येऊन बजावलं, "काही झालं तर तुमचं तुम्ही जाणा!" योरुनच्या अंगात सासऱ्यांचं जॅकेट होतं, तेवढंच तिला होत होतं. होडी काठाकाठानं निघाली. थोड्या वेळानं वल्ह्याची लय बसली, आणि योरुन् पोटाशी बोलू लागली.

"तो बघ पाणकावळा, पंख वाळत घालून बसलाय. आणि इथं तुझ्या पणजोबांना एवढा मोठा कॉड मासा गावला होता. खोटं बोलायचे ते, पण आपण खरं मानायचं."

गुनवोरनं मान वळवली. तिरिलनं हलकेच विचारलं, "बरं नाही वाटत?"

"माझी मुलगी पोटात होती तेवढेच महिने माझ्याजवळ होती," गुनवोर म्हणाली. "डॉक्टरनं सांगितलं म्हणून मी पडून राहिले, तिला काहीच दाखवलं नाही."

योरुननं वल्ही वर घेतली. पाणी ठिबकत राहिलं.

"तुम्ही हिंडल्या-फिरल्या असतात तर ती जगली असती?" तिरिलनं भीत भीत विचारलं.

"ते कुणालाच सांगता यायचं नाही. मी तसं म्हणतही नाही. पण आम्ही दोघी कुठंतरी गेलो असतो गं."

जरा वेळानं योरुननं पुन्हा वल्ही पाण्यात टाकली.

जुलैत योरुनला मुलगा झाला, चांगला दणकट. सासूबाईंनी गावभर सांगितलं, की वल्ही मीच दिली होती. तिरिल परीक्षा होऊन उत्तरेकडच्या एका बेटावर कामाला गेली.

गुनवोरनं मात्र होडीतून आली त्याच संध्याकाळी, ब्रेडवर चीज ठेवता ठेवता, आर्नफिनला सगळं सांगितलं. सिग्नेचं नाव घरात कितीतरी वर्षांनी निघालं. तो कपात बघत राहिला.

"त्या उन्हाळ्यात मी रोज जायचो," तो म्हणाला. "कामावरून सुटलो की होडी घेऊन पाण्यावर. घरी आल्यावर तुला काही सांगायचो नाही. तू तशी पडलेली, उगाच जीव तुटेल म्हणून."

"सांगायचं होतंस."

"काय सांगणार होतो?"

"काहीही. पाणी कसं होतं ते तरी."

आर्नफिन मुळातच अबोल. त्यानं कप बाजूला सारला, घसा खाकरला आणि अडखळत, मध्येच थांबून आठवत, सांगायला लागला.