एका इंजिनाचे तीन नारळ

दाभोळचं ते जुनं इंजिन अजूनही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पावसाळी मासेमारीबंदी उठायला थोडेच दिवस होते. मी तिथल्या पोलीस ठाण्यात फौजदार होतो. एक बाई तावातावाने ठाण्यात आली. मागे तिचा मासेमार नवरा, मान खाली घालून. त्याने दलालाकडून होडीसाठी जुनं इंजिन घेतलं होतं. ठरलेली रक्कम दिली, पण इंजिन हाती येईना. दर खेपेला नवा खर्च: वाहतूक, कागद नावावर करणं, गोदामभाडं. आता ‘तपासणी फी’साठी तिचं मंगळसूत्र मोडायची वेळ आली होती. इंजिन नाही, तर हंगामही गेला.

“पैसे कशाचे, ते आधीच का नाही विचारलंत?” मी नवऱ्याला म्हणालो.

“सौदा ठरला तवा त्याच्या हातात नारळ दिला, सायेब. मग कटकट कशी करायची?”

बायको उसळली, “हे नारळाला जागतायत, आनि तो मेला आमाला सोलतोय!”

खाडीकाठी सौद्याला अख्खा नारळ दिला की शब्द पक्का. नंतर कुरकुरणारा हलका ठरतो. दलालाने नेमकं तेच हेरलं होतं.

तक्रार नोंदवली. जेट्टीवरच्या चहावाल्याने खबर दिली, केळशीचे दोघेजण त्याच दलालाला शोधतायत. त्यांना बोलावलं. तिघांच्या मोबाईलमध्ये फोटो एकाच इंजिनाचा!

दलालाला ठाण्यात आणलं. चौकशीत तो निवांत होता. “साहेब, जुन्या मालाला वरखर्च असतोच. इंजिन यांचंच आहे.”

“आणखी कोणाशी सौदा केलास?”

“देवाशपथ, नाही.”

पंचांसमोर गोदाम उघडलं. इंजिन होतं. कोपऱ्यात पोत्याखाली कुंकू लावलेले तीन नारळ. आमचे हवालदार म्हणाले, “इंजिन एक, नारळ तीन! चवथ्याची वाट बघत होतास काय रे?”

 मग दलालाने सगळं कबूल केलं. बरीचशी रक्कमही मिळाली. केळशीकरांना पैसेच हवे होते. कोर्टाच्या हुकुमाने इंजिन सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या अटीवर, या मासेमाराला मिळालं, तेही हंगामाच्या तोंडावर. 

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, याचा मला अभिमान आहे. माझे वडीलही जास्तीचे पैसे मुकाट देत. विचारायची लाज वाटे. फसवणारा माणसाच्या भोळेपणावर जगतो असं पुष्कळ जण म्हणतात. मी पाहिलं ते वेगळं: तो माणसाच्या भिडेवर जगतो. म्हणून सांगतो, पैसे कशाचे ते विचारा. शब्द मोडत नाही त्याने.

होडी पाण्यात लोटली त्या सकाळी ती बाई ठाण्यात आली. हातात खोबऱ्याचे तुकडे.

“घ्या सायेब. ह्यो फोडलेला हाय.”