आमच्या दुकानातून निघणारा आकडा

दर महिन्याच्या ठरलेल्या आठवड्यात मोटरसायकलवरून एक माणूस आमच्या किराणा दुकानात येतो. पाठीवर काळी बॅग, हातात टॅबलेट. तो विकत काही घेत नाही, नुसते भाव विचारतो. फटका प्रतीची तूरडाळ एक किलो, साखर एक किलो, सुटी चहापत्ती पाव किलो, कपडे धुण्याचा अमुकच साबण आणि तोही अमुकच वजनाचा. गेल्या महिन्यात विचारलेल्या वस्तूच या महिन्यात, आणि पुढच्या महिन्यातही त्याच. मामाजी, म्हणजे माझे सासरे, तो आला की गल्ल्यावरून उठून उभे राहतात आणि पाढे म्हणावेत तसे भाव सांगतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हाही असा एक माणूस येत होता. मी त्याला वजनकाटे तपासणारा समजत होते. सरकारी माणूस आहे, एवढी माहिती आम्हाला पुरेशी होती.

आमचं गाव सेलू तालुक्यातलं, केळझरच्या अलीकडचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे येईलच. नवरा सकाळी बुटीबोरीच्या कारखान्यात जातो तो संध्याकाळी परत येतो. दुकान मामाजी बघतात, दुपारी मी बसते. दुकानामागच्या खोलीत माझी शिलाई मशीन आहे, गावातल्या बायकांचे ब्लाउज मी शिवते. त्या पैशातून चार-साडेचार वर्षांपूर्वी मी फोनवरून शेअरच्या फंडात महिन्याचा हप्ता सुरू केला. लेकीला नर्सिंगला जायचं होतं. पहिल्या वर्षाची फी याच फंडातून भरणार, असं मी घरात सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगितलं होतं. त्यामुळे पैशाइतकंच माझं नाकही त्यात अडकलं होतं.

मामाजींनी तेव्हा विरोध केला नाही. ज्याला पैसे देते त्याचं दुकान कधी पाहिलं का, एवढंच त्यांनी विचारलं. एक दुकान नाही, पुष्कळ कंपन्या आहेत, प्रत्येकीत थोडे थोडे जातात, असं मी सांगितलं. ते हूं म्हणाले आणि साखरेच्या पुड्या बांधायला लागले. मला त्यांचा रागच आला होता. जुन्या माणसांना काही कळत नाही, असं मानायचं माझं ते वय होतं. ते वय अजून पुरतं सरलेलं नाही.

लेकीची बारावी झाली आणि नेमका त्याच उन्हाळ्यात बाजार पडायला लागला. भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून हुज्जत घालणारी मी, रोज संध्याकाळी फोनमधले हजार-दोन हजार गेलेले गुपचूप बघत होते. टीव्हीवर सगळे एकच सांगत होते, महागाईचा आकडा येऊ द्या. तो कमी आला तर व्याजदर उतरतील आणि बाजार वर जाईल. जास्त आला तर उलटं. आकडा येणार होता पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला आणि फी भरायची होती त्यानंतर महिन्याभरात. मी मनात गणित पक्कं केलं. आकडा चांगला येईल, बाजार उसळेल, त्या दिवशी मी फंड विकेन. तोवर काही हलवायचं नाही. झोपताना देवाचं नाव घ्यायचं सोडून मी महागाईचा विचार करत होते.

अशात तो भाववाला आला. मामाजींनी भाव सांगितले, त्याने ते भरले. तो निघणार एवढ्यात मी विचारलं की हे भाव नेऊन तुम्ही करता तरी काय. तो हसला. पहिल्याच वेळी मामाजींना सगळं सांगितलं होतं, पत्रही दाखवलं होतं, असं म्हणाला. मामाजी पोत्याकडे बघत राहिले.

"महागाईचा आकडा यातूनच निघतो, ताई," तो म्हणाला. "देशभरात गावं ठरलेली, दुकानं ठरलेली. तुमचं दुकान त्यातलं एक."

दुकानाचं नाव कुठे छापत नाहीत, तुम्हीही सांगत फिरू नका, असं त्याने बजावलं आणि तो निघून गेला. मी मात्र होते तिथेच खिळले. ज्या आकड्यासाठी मुंबईतले सुटाबुटातले लोक घड्याळ बघत बसतात, तो आमच्या तुरीच्या पोत्यात होता! त्या पोत्यात प्लास्टिकचं माप खुपसलेलं होतं आणि वर उंदराने कुरतडलेलं एक भोक होतं. मी उठून डाळीत हात घातला. रोजचीच डाळ, पण अंगावर काटा आला. मग एकेक आठवत गेलं. या माणसाला मी समोरच्या न्हाव्याकडे बसलेलं पाहिलं होतं, आणि मला वाटायचं कटिंग करायला बसलाय. डॉक्टरच्या दवाखान्याबाहेर पाहिलं होतं, तेव्हा वाटलं होतं, तब्येत बरी नसेल. आमच्यासारखी गावं कुठे कुठे असतील, डोंगरात, समुद्राकाठी, जिथली भाषासुद्धा मला कळणार नाही. तिथेही आज कुणी बाई डाळीचा भाव सांगत असेल, आणि तिचा नि माझा भाव एकाच ढिगात पडत असेल. एवढा मोठा देश एका आकड्यात मावतो आणि तो आकडा असा दारोदार फिरून गोळा करावा लागतो, हे मला कोणत्याही देवळात वाटलं नव्हतं इतकं मोठं वाटलं.

ही भारावलेली अवस्था चहा उकळेपर्यंत टिकली. चहा गाळताना आठवलं, मामाजींनी डाळ पंधरा रुपयांनी कमी सांगितली होती.

मी बाहेर आले आणि विचारलं.  मग हळूहळू सगळं निघालं. त्यांच्या तरुणपणी, टंचाईच्या दिवसांत, पुरवठा खात्याच्या कुणा अधिकाऱ्याने फलकावर भाव जास्त लिहिला म्हणून त्यांच्या वडिलांचं दुकान आठ दिवस बंद ठेवलं होतं. तेव्हापासून घरात नियम झाला, सरकारी माणसाला भाव नेहमी कमीच सांगायचा. डाळ भडकली तर आणखी कमी. म्हणजे महागाई जेव्हा खरी वाढत होती, नेमकी तेव्हाच आमच्या दुकानात ती वाढत नव्हती. काट्यावर एक दाणा कमी पडला तर गिऱ्हाइकाला परत बोलावणारा हा माणूस वर्षानुवर्षं देशाला खोटा भाव सांगत होता. मी भडकले. याच आकड्यावर मी तुमच्या नातीची फी टांगून ठेवली आहे, असं बरंच काही बोलले.

मामाजींनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "अन तू शिलाई किती सांगते त्याले?"

 तो भाववाला माझ्याकडेही येत होता, साध्या ब्लाउजची शिलाई विचारायला. आणि मी त्याला दरवेळी वीस रुपये जास्त सांगत होते. एवढ्या कमी पैशात शिवते, हे परक्या माणसापुढे बोलायची मला लाज वाटायची. सासरे भीतीपोटी कमी सांगत होते आणि सून तोऱ्यापोटी जास्त. एका घरातून दोन खोटे भाव जात होते, आणि मी टीव्हीसमोर बसून खऱ्या आकड्याची वाट बघत होते.

त्या दिवशी मामाजी नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला त्या माणसाला फोन लावायला सांगितला. फोनवर बोलायला त्यांना आवडत नाही, तरी स्वतः बोलले. भाव चुकीचा सांगितला, वापस या, एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी तो आला. मामाजींनी वर्ध्याच्या ठोक बाजारातली खरेदीची बिलं काढून त्याच्यापुढे ठेवली आणि खरा भाव सांगितला. मीही माझा सांगितला, मान खाली घालून. तो रागावला नाही. एवढा फरक दिसला की वरून कारण विचारतात, काय लिहू, असं त्याने विचारलं.

"लिहा," मामाजी म्हणाले, "दुकानदार इतके वर्स खोटं बोलून राह्यला होता."

त्याने दुसरंच काही लिहिलं असावं. पण जाताना तो मामाजींच्या पाया पडला. सरकारी माणूस आमच्या दुकानात कुणाच्या पाया पडतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बारा तारखेला आकडा आला. लोकांनी धरलेल्या अंदाजापेक्षा वर आला, आणि दुसऱ्या दिवशी बाजार आपटला. मी फोन बघत मशीनवर बसले होते. मामाजी आत आले, हातात कापडी पिशवी. तिच्यात त्यांनी दवाखान्यासाठी ठेवलेले पैसे असतात हे मला माहीत होतं.

त्यांनी विचारलं, "माह्या डाळीच्या भावानं पडला काय बाजार? तुह्यं किती गेलं?"

मला हसू फुटलं, आणि त्यांचा चेहरा बघून ते विरलं. माणूस खरंच घाबरला होता. मी त्यांना बसवलं. हजारो दुकानं आहेत, आपलं दुकान म्हणजे पोत्यातला एक दाणा, तुमच्या पंधरा रुपयांनी काही हललेलं नाही, असं समजावलं. त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ते जास्तच विचारात पडले.

"म्हणजे मी खरं सांगतलं तरी तेवढंच, अन खोटं सांगतलं तरी तेवढंच," ते म्हणाले. "पण साऱ्याच दुकानदाराइले असंच वाटत असन त?"

 चार वर्षं मी शेअरबाजाराच्या चित्रफिती बघत होते, व्याजदर आणि महागाई यावर कुणाशीही बोलू शकत होते, पण हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. तो सगळा डोलारा कशावर उभा होता? खोटं बोलून कुणाचं काही बिघडणार नसतानाही खरं बोलणाऱ्या माणसांवर.

मग माझी चूकही मला दिसली. आकडा सांगत होता गेल्या महिन्यात डाळ काय भावाने गेली. माझी फी होती पुढच्या महिन्यात. गेल्या महिन्याच्या डाळीने पुढच्या महिन्याच्या बाजाराबद्दल काय सांगावं? ठरलेल्या तारखेला लागणारे पैसे मी वर्षभर आधीच तिथून काढून साध्या ठेवीत ठेवायला हवे होते. ते केलं नाही आणि आकड्याच्या तोंडाकडे बघत बसले. आकडा कसाही आला असता तरी चूक माझीच होती. मी त्या आठवड्यात फीसाठी सगळा फंड विकला, पडत्या भावात. थोडे कमी पडले. मामाजींनी पिशवी पुढे केली, मी नको म्हटलं, ते ऐकेनात. नातीच्या शिक्षणात माझा वाटा आहे की नाही, असं विचारल्यावर मी तरी काय बोलणार. नाक गेलं, पण त्याचं फार दुःख झालं नाही. पुढे पंधरा दिवसांत बाजार अर्धाअधिक वर आला. कारण विचाराल तर टीव्हीवाल्यांनी भलतंच सांगितलं.

फी भरायला आम्ही तिघं वर्ध्याला गेलो. लेक, मी आणि हट्टाने सोबत आलेले मामाजी. कॉलेजच्या फीच्या खिडकीपलीकडे एक तरुण बाई होत्या. त्यांनी फीचा कागद सरकवला. गेल्या वर्षीपेक्षा फी वाढली होती, ते मी पुन्हा पुन्हा वाचत होते. मामाजी खिडकीपाशी वाकले आणि त्यांनी विचारलं की ही फी किती आहे हे विचारायला तुमच्याकडे सरकारचा कुणी माणूस येतो का. बाई गोंधळल्या. आपल्याला माहीत नाही, म्हणाल्या. मागे रांग खोळंबली होती, लेक लाजेने आजोबांची बाही ओढत होती. मामाजी हलले नाहीत. दुकानात त्या भाववाल्यापुढे उभे राहायचे तसे सरळ उभे राहिले.

"आला कोणी त खरं सांगजा, बाई," ते म्हणाले. "लोकाइच्या लेकराइची फी त्याच्यावर राह्यते."