अंबूबाईचा ठिपका

बेंगळुरात शिवाजीनगरच्या बसस्टँडामागच्या गल्लीत खंडोजी शिंप्याचं दुकान कुठं, असं विचारलं तर लोक स्वल्प विचारात पडायचे. पण अंबूअक्काचं घर म्हटलं की कुणीही बोट करून दाखवायचं. दुकान पुढं आणि घर त्याच्याच मागं, म्हणजे जागा एकच. खंडोजीला याचं काही वाटत नसे. मान खाली घालून मशीन चालवता चालवता तो म्हणायचा, "पाटी माझी, नाव तिचं."

हे नाव झालं दसऱ्याच्या बाहुल्यांमुळं. अंबूबाईचे पणजे कधीतरी साताऱ्याकडून इकडं आले. चार पिढ्यांत घरात मराठी तेवढी टिकली, बाकी सगळं बेंगळूरचं झालं: भात-सारू, अण्णा-अक्का आणि नवरात्रात पायऱ्या मांडून बाहुल्या बसवायची रीत. सगळ्यात वर लग्नात आईनं दिलेले लाल लाकडाचे राजा-राणी, खाली वरात, त्याखाली देऊळ, शेवटी वाण्याचं दुकान. नऊ दिवस बायका एकमेकींकडं बाहुल्या बघायला जातात, कुंकू लावून घेतात, हरभऱ्याची उसळ खातात आणि घरी जाऊन नावं ठेवतात. अंबूबाईच्या पायऱ्यांना मात्र नाव ठेवायला जागाच सापडायची नाही.

सत्तावन्न सालच्या नवरात्रात गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या बसवंतची बायको बाहुल्या बघून गेली आणि नवऱ्यावर उखडली. "त्या अक्काचं दुकान मातीचं आहे, तरी बघत राहावंसं वाटतं. आणि आपलं? उकिरडा नुसता!" बसवंत बिचारा दुसऱ्या दिवशी हात जोडून दारात. अंबूबाईनं पदर खोचला, त्याची एक फळी रिकामी केली, मागची धूळ पुसली आणि 'मोरपीस' साबणाच्या वड्या पायऱ्या-पायऱ्यांनी लावल्या. लहान पुढं, मोठ्या मागं, मध्ये पावडरचा डबा राजासारखा. दिवाळीच्या आत फळी रिकामी झाली. मोरपीस कंपनी मद्रासची. तिचा माणूस फेरीला आला, तो त्या फळीपुढं उभाच राहिला आणि म्हणाला, हे कुणी केलं?

तिथून हे सगळं सुरू झालं. कंपनीला दुकानोदुकानी जाऊन माल नीट मांडणाऱ्या बायका हव्या होत्या. आठवड्यातून तीन सकाळी, तेवढंच काम. आणखी दहा-अकरा बायका लागतील, पेपरात जाहिरात देऊ, असं तो माणूस म्हणाला. अंबूबाईला हसू फुटलं. "पेपर वाचून येतील त्यांना वाचता येत असेल, मांडता येतं कशावरून? नवरात्रापर्यंत थांबा, मी बघते."

आणि तिनं बघितलं, अहो, असं बघितलं की सरकारी परीक्षेनं झक मारावी! पुढच्या नवरात्रात ती मल्लेश्वरमपासून बसवनगुडीपर्यंत घरोघर बाहुल्या बघत फिरली. तोंडानं "काय छान, काय छान" चालू आणि नजर बाहुल्यांच्या पाठीमागं. पुढून तर सगळ्याच पुसतात. मागं कुणी पुसलंय? एकीच्या पायऱ्या झकास होत्या, पण एक बाहुली सरकवली तर खाली गेल्या वर्षीची धूळ. तिला अंबूबाईनं कुंकू लावलं आणि विषय सोडून दिला.

मल्लेश्वरमची नीला अशीच सापडली. लग्न होऊन पुण्याहून आलेली, नवरा सरकारी कारखान्यात इंजिनीअर. तिनं शेजारणींचं बघून पहिल्यांदाच पायऱ्या मांडल्या होत्या, पण एका रेषेत. बसवनगुडीची यल्लव्वा सापडली. ही निपाणीकडची, मराठी आणि कानडी एका दमात बोलायची. नवरा परागंदा झालेला, भाऊ परसू कारखान्यात लेथवर, त्याच्याकडं ती राहायची. तिच्याकडं बाहुल्या होत्या सातच, पण त्या सातांत तिनं आख्खी जत्रा उभी केली होती. अंबूबाई म्हणाली, "सरी, ठरलं, तू माझीच!" अशा अकरा झाल्या, आणि बारावी अंबूबाई स्वतः.

प्रत्येकीला कंपनीचं एक पिवळं कार्ड होतं. दुकान मांडून झालं की दुकानदारानं त्यावर तारखेचा शिक्का मारायचा. काम केल्याचा पुरावा म्हणजे तेवढंच, कंपनीकडं दुसरं काही नव्हतं. आणि निरोप यायचे पोस्टकार्डावर, मद्रासहून, इंग्रजीत. आज या, उद्या येऊ नका, परवा का आला नाहीत! एकदा तर चौघी भर उन्हात बसवनगुडीहून मल्लेश्वरमला गेल्या आणि दुकानाला कुलूप. अंबूबाई भडकली. तिनं कंपनीला कळवलं की निरोप मला एकटीला पाठवा, पुढचं माझ्याकडं. मग नीला जिच्या घरी जी भाषा वाचता येईल त्या भाषेत पत्रं लिहायची आणि अंबूबाई प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात अनामिकेनं कुंकवाचा ठिपका लावायची. नियम साधा: ठिपका असेल तर डोळे मिटून यायचं, नसेल तर पत्र चुलीत.

सहा वर्षं तो ठिपका एकदाही खोटा पडला नाही. पाऊस असो, घरात बाळंतीण असो, ठिपका आला की बाई हजर. अंबूबाईला या गोष्टीचा भारी तोरा होता, आणि का नसावा?

चौसष्ट साली बातमी आली की यशवंतपूरला कंपनीचा मोठा डेपो होतोय आणि तिथं पाच-सहा बायका कायम घेणार आहेत. कायम! यल्लव्वाला त्या शब्दानं झोप लागेना. भावाच्या घरात भावजयीच्या तोंडाकडं बघत जेवणं किती दिवस चालायचं? कायमची नोकरी लागली तर एक खोली आपली, चूल आपली. परसू युनियनमधला, त्यानं सरळ सांगितलं, "सहा वर्षांचे शिक्के आहेत तुमच्याकडं, त्यांना तुम्हाला डावलता येणार नाही. पण कार्ड हातचं सोडू नका. कुणाच्या बापाला देऊ नका." बायकांनी अंबूबाईला गाठलं, नीलानं इंग्रजीत अर्ज लिहिला, बाराजणींनी सह्या-अंगठे केले आणि अर्ज मद्रासला गेला.

उत्तर म्हणून आले विद्याधर टिपणीस. नवे साहेब, पस्तिशीचे, गोरे, पुण्याचे. यापूर्वी कंपनीच्या कचेरीत अंबूबाई बाहेरच्या बाकावर बसायची, आत इंग्रजी आणि तमिळ चालायचं, आणि कुणीतरी कारकून येऊन मोडक्या कानडीत चार शब्द टाकून जायचा. हा माणूस तिच्या घरी आला. बूट दाराबाहेर काढले, चटईवर मांडी घातली आणि म्हणाला, "अंबूताई, सहा महिने झाले हो कानावर मराठी पडून. तुमच्या हातचं पिठलं मिळेल का?"

झालं! बाई विरघळली. तुम्ही-आम्ही असतो तर आपणही विरघळलो असतो, उगाच शहाणपण सांगू नये. परमुलखात घराच्या चार भिंतींतच जी भाषा बोलायची, ती साहेबाच्या तोंडून आली की माणूस दार सताड उघडतो. तिनं पिठलं केलं, भाकरी केली, वर लसणीची चटणी वाढली. त्यानं बोटं चाटली. मग म्हणाला, "ताई, तुमचा अर्ज मी स्वतः मंजूर करून आणतो. सगळ्यांची कार्डं तेवढी गोळा करून द्या. शिक्के बघून कोण किती जुनी ते ठरवायचं आहे. आठ दिवसांत परत. मी मागितली तर बायका देणार नाहीत, पण तुमच्या ठिपक्याला नाही म्हणणार नाहीत." ठिपक्याचंसुद्धा त्याला ठाऊक होतं!

तो गेल्यावर खंडोजीनं मशीन थांबवलं. "इथं बसूनच का नाही बघितले शिक्के त्यानं?"

"तुम्हाला सगळ्यांचा संशय," अंबूबाई म्हणाली. "आपला माणूस आहे हो तो."

पत्रं गेली. नीलानं लिहिली, कुरकुरतच लिहिली. "अक्का, पावती घ्या हं त्यांच्याकडून." अंबूबाईनं मान डोलावली, पण मनात ठरवलं होतं, नाही मागायची. आपल्या घरी पिठलं खाऊन गेलेल्या माणसाकडं पावती मागायची म्हणजे जीभ कशी उचलणार?

ठरल्या सकाळी अकराजणी बसवंतच्या दुकानात जमल्या आणि एकेकीनं कार्ड दिलं. यल्लव्वा शेवटी उरली. कार्ड पदरात घट्ट धरलेलं.

"अक्का, परसू देऊ नको म्हणतोय. सकाळी भांडण झालं माझं त्याच्याशी."

"परसू कोण आणि मी कोण?" अंबूबाईला राग आला. "सहा वर्षांत माझा निरोप खोटा ठरला कधी?"

"नाही."

"मग?"

"तू शब्द देतेस?"

"दिला. जा."

यल्लव्वानं कार्ड दिलं. अंबूबाईनं स्वतःचं कार्ड सगळ्यांत वर ठेवलं, शिंप्याच्या दोऱ्यानं गठ्ठा बांधला आणि त्याच दुपारी टिपणीससाहेबांच्या हातात नेऊन दिला. त्यांनी तो कपाळाला लावला. अगदी प्रसाद घ्यावा तसा!

आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. कार्डं नाहीत, निरोप नाही. आणि मग बसवंतनं सांगितलं, डेपो सुरूसुद्धा झाला. सहा बायका घेतल्यात, सगळ्या नव्या, कुणी कारकुनाची मेव्हणी, कुणी कुणाची भाची.

अंबूबाई नेसत्या लुगड्यानिशी यशवंतपूरला पोचली. फाटकावरच्या फत्तेसिंग पहारेकऱ्यानं आत सोडलं. टिपणीस दोन साहेबांबरोबर अंगणात उभे होते. ती थेट समोर गेली. "साहेब, मी अंबू. आमची कार्डं..."

टिपणीसांनी तिच्याकडं बघितलं. ओळख होती डोळ्यांत, शंभर टक्के होती. आणि ते हिंदीत म्हणाले, "क्या काम है, बाई? कौन से कार्ड?"

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तिनं मराठीत पुन्हा सांगितलं, बाराजणींची पिवळी कार्डं, दोऱ्यानं बांधलेली, तुमच्या हातात दिली. टिपणीस शेजारच्या साहेबाशी इंग्रजीत काही बोलून हसले आणि परत तिला हिंदीतच, "हमारे यहाँ ऐसा कोई कार्ड नहीं होता. कभी कभी मदद को आती होंगी आप लोग, दुकानदार ने बुलाया होगा."

मेल्यानं केसानं गळा कापला! सहा वर्षं, हजारो फळ्या, आणि एका वाक्यात पुसून टाकल्या. पुरावा मागितला असता तर पुरावा त्याच्याच कपाटात, नाहीतर त्याच्याच चुलीत. अंबूबाई एवढंच म्हणाली, "पिठलं खाताना येत होतं की मराठी."

क्षणभर टिपणीसांचं तोंड पडलं. मग त्यांनी फत्तेसिंगला खूण केली.

त्यानंतर ती अकराही घरी गेली. नाही लपली, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. पण सांगणार काय? माझंही कार्ड गेलं, असं ती प्रत्येक दारात म्हणाली. कुणी रडली, कुणी तोंडावर बोलली. "तुला आतून काहीतरी मिळालं असेल, अक्का," असंही एकीनं ऐकवलं. नीलानं फक्त विचारलं, "पावती?" आणि उत्तर न ऐकता आत गेली. यल्लव्वाच्या दारात परसू उभा होता. ती घरात नाही, म्हणाला. आत बांगड्या वाजत होत्या.

महिन्याभरानं नवरात्र आलं. अंबूबाईनं पायऱ्या मांडल्या. बाहुल्यांची पाठ पुसली, राजा-राणीला नवी वस्त्रं घातली. पत्रं लिहायला नीला नव्हती म्हणून खंडोजीनं आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात अकरा पत्रं लिहिली: बाहुल्या बघायला या. तिनं अकरा ठिपके लावले. तो जरा घुटमळला. "ठिपका लावतेस?"

"लावते. मग येतील."

गल्लीतल्या बायका आल्या, बसवंतची बायको आली. उसळीचं पातेलं रोज चढत होतं. पण दाराशी चप्पल वाजली की अंबूबाई ज्या अकराजणींसाठी उठायची, त्यांतली एकही आठ दिवसांत आली नाही.

नवव्या दिवशी दुपारी यल्लव्वा आली.

अंबूबाईला भरूनच आलं. "ये ग, ये माझी बाई!" म्हणत ती कुंकवाची कोयरी घेऊन धावली. यल्लव्वा उंबऱ्याच्या आत आली, बाहुल्यांपुढं उभी राहिली, वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. मग सवयीनं हात घालून खालच्या पायरीवरचा वाणी थोडा सरळ केला. अंबूबाईनं अनामिका कुंकवात बुडवून तिच्या कपाळाकडं नेली.

यल्लव्वानं तिचं मनगट धरलं. "नको अक्का."

सवाष्णीनं कुंकू नाकारायचं? या गल्लीत असं कधी घडलं नव्हतं. अंबूबाई म्हणाली, "त्यानं फसवलं ग मला, यल्लू. तुझी शपथ, मला फसवलं."

"तुला त्यानं फसवलं," यल्लव्वा म्हणाली. ओरडली नाही, भांडली नाही. "मला त्याचं तोंडसुद्धा माहीत नाही, अक्का. मला पत्र तुझं आलं होतं."

तिनं कमरेला खोचलेलं पोस्टकार्ड काढलं, कार्डं मागवणारं तेच, मातीच्या वाण्यासमोर ठेवलं, ठिपका वर येईल असं, आणि गेली.

अंबूबाई बोट तसंच धरून उभी होती. कुंकू वाळत चाललं होतं. पुढं दुकानात खंडोजीचं मशीन केव्हाचं थांबलेलं होतं.

"थांबलात कशाला?" ती आतूनच म्हणाली. "चालवा की."