राजुरीतले दोन इन्व्हर्टर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी कायम हसत आलो. मी इन्व्हर्टर दुरुस्त करणारा माणूस. करंट कुठून आला ते मला कळणारच... असं वाटायचं. पुढचं मी घरीही कधी बोललो नाही.

२००६-०७च्या लोडशेडिंगचा काळ. आळेफाट्याला माझं दुकान होतं. राजुरीच्या दत्तूकाकांच्या बायकोला फुप्फुसाच्या आजारामुळे दिवसभर ऑक्सिजनचं मशीन लागायचं. त्यासाठी मी दिलेला इन्व्हर्टर मशीनचा लोड आला की ट्रिप होऊन बंद पडायचा.

"तुझा इन्व्हर्टर आमच्या पांढऱ्या बैलावानी हाय, चढ आला की बसतो," काका म्हणाले. "एकाला झेपत नाय तर दोन जुंप की!"

असे दोन जुंपता येत नाहीत. दोघांच्या विजेची लाट एका तालात नसली की ते एकमेकांतच करंट ढकलतात आणि जळतात. मला हे पक्कं ठाऊक होतं. पण लहान इन्व्हर्टर गळ्यात मारला, हे कबूल करायची लाज वाटली. दुकानातला दुसऱ्या कंपनीचा जुना इन्व्हर्टर आणला आणि दोघांचे आउटपुट एकत्र जोडले. तेव्हा लाइट होती, म्हणजे दोन्हींतून बाहेरचीच वीज जात होती. मशीन झकास चाललं. काका खूश होऊन बाजाराला गेले. लाइट जायच्या आत मीही सटकलो — ओतूरला, मित्राच्या लग्नाला.

पंगतीत बसलो आणि मांडवातले पंखे थांबले. राजुरीतही लाइट गेली असणार, हे कळलं. तरी जेवण उरकूनच निघालो.

राजुरीत लाइट नव्हती, गिरणी बंद. काकांच्या घरात जळका वास... आणि मशीन चालू! काकी नळी लावून शांत पडलेल्या. मी दोन्ही इन्व्हर्टर उघडले. दोन्हींतले ट्रान्झिस्टर फुटून काळेठिक्कर पडले होते. मशीनला दुसरी वायर नव्हती. तरी ते चालत राहिलं, लाइट येईपर्यंत.

मग काकी म्हणाल्या, "आरं, दुपारपासनं वायरी धरून बसलायस. किती हाका मारल्या, वर बघितलं न्हाईस. उपाशीच ना?"

मी "हो" म्हणालो.

नळी सांभाळत त्या उठल्या, भाकरी-कालवण वाढलं. भरल्या पोटावर मी ताट साफ केलं.

दुसऱ्या दिवशी योग्य इन्व्हर्टर बसवला. काकी होत्या तोवर आल्यागेल्याला सांगायच्या, "ह्यानं मला वाचीवलं." मी एकदाही अडवलं नाही.

तिथे कोण बसलं होतं, मशीन कशावर चाललं... मला आजही सांगता येत नाही. मी नव्हतो, एवढंच खात्रीने सांगू शकतो.