पाणी खाली दिसलं तर

माझी मुलगी लखनौतच वाढली. मराठी तिला समजते, पण उत्तर हिंदीत येतं. "घरात तरी मराठी बोल," हे मी तिला पाहुण्यांसमोरसुद्धा सुनावलेलं आहे.

इंदिरा नगरातल्या आमच्या घरी तिचा पाण्याने थंड होणारा कॉम्प्युटर आहे. काचेच्या पेटीत छोटी टाकी, पंप, नळ्या. ऐन मे महिन्यात तिने त्यावर आपल्या ॲनिमेशन फिल्मचं शेवटचं काम लावलं. मशीन सलग दोन दिवस चालणार होतं. फिल्म वेळेत पोचली तर नोकरी नक्की होती. त्यातच मैत्रिणीच्या लग्नाला तिला शहराबाहेर, बख्शी का तालाब या गावी जावं लागलं.

निघताना म्हणाली, "बाबा, पाणी खाली दिसलं तर लगेच बंद करा, हाँ. मी येऊन तिथूनच पुढे सुरू करेन."

"आज चक्क मराठी?"

"आपके लिए," ती हसली.

मी दर तासाला टेबलाखाली वाकून फरशीवर हात फिरवत होतो. फरशी कोरडी. पाणी खाली सांडलेलं नव्हतं.

दुपारी पंप घरघरू लागला. टाकीतलं पाणी उकाड्याने आटून तळाशी जेमतेम बोटभर उरलं होतं. तिचं 'खाली' हिंदीतलं होतं, रिकामं या अर्थाचं. हे मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनांचं पाणी तपासण्यात माझी अर्धी नोकरी गेली आहे. मला कळणार नाही तर कोणाला?

बटण हाताशी होतं. पण मनात आलं, शब्द चुकला की काय होतं ते एकदा कळू दे हिला. नीट विचार करून ठरवलं असंही नाही. मी जेवायला बसलो, एवढंच.

हात धुऊन आलो तेव्हा पडदा काळा होता आणि खोलीत जळका वास. नवा पंप मिळेपर्यंत मुदत टळून गेली होती.

त्या दिवशी संध्याकाळी ती लग्नाहून परतली, तेव्हा फरशी कोरडीच होती असं मी तिला सांगितलं. ती पेटीसमोर बसून म्हणाली, "गलती मेरी है, बाबा. 'रिकामं' बोलना था ना?"

"हो," मी म्हणालो. "रिकामं."

कळूनही मी जेवायला बसलो, हे तिला सांगितलं नाही. आजतागायत नाही.

नव्या टाकीवर तिने पांढरी पट्टी चिकटवली आहे. त्यावर लिहिलंय, 'पानी यहाँ से नीचे जाए तो बंद कर दें.' आता ती घरात हिंदीच बोलते. मी टोकत नाही. रोज सकाळी पट्टीपाशी वाकून पाणी बघतो.