गोडंबीचा वास

लेकीच्या बाळंतपणासाठी लातूरला लाडू करत होते. गरम तुपात गोडंबी पडली, खमंग वास सुटला आणि माहूरकडच्या आमच्या गावातली अक्का आठवली. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ.

गोडंबी हा बिब्ब्याच्या आतला गर. बिब्बा फोडताना त्याचं काळं तेल उडतं आणि लागेल तिथं कातडी भाजल्यासारखी सोलवटते. अक्का रोज दगडावर बिब्बे फोडायची. एके दिवशी ती कामावर बसलेली असतानाच तिचं तान्हं लेकरू तापानं फणफणलं. दीर दवाखान्यात न्यायला जीप बघायला धावले. मी तेव्हा नवी नवरी. लेकराला मांडीवर घेऊन ओसरीवर बसले. अक्कानं राखेनं, गोडेतेलानं हात घासले, पण काळं काही निघेना.

“तूच धर. माझ्या हातानं पोळंल त्याला,” ती म्हणाली आणि हातभर दूर बसली. तेव्हा मला ती फार कठोर वाटली. ते हातभर अंतर तिला किती जड गेलं असेल, हे मला आई झाल्यावर कळलं.

“श्वास चालू हाय ना गं?” ती सारखी विचारायची.

“हाव अक्का,” मी म्हणायचे. मग एकदा मला ‘हाव’ म्हणता आलं नाही.

ती उठली. माझ्या मांडीवरून लेकरू उचलून तिनं छातीशी धरलं आणि त्याच्या गालावरून हात फिरवू लागली.

“अक्का, हात!” मी ओरडले.

“आता न्हाई पोळायचं त्याला,” ती म्हणाली.