सुधाकरभाऊचा श्वास

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "हे करतात काय?"

मी म्हटलं, भाऊ सॅक्सोफोन वाजवतो.

त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. "न्यूमोथोरॅक्स आहे. उजवं फुप्फुस मिटलंय."

म्हणजे फुप्फुसाला बारीक छिद्र पडतं, हवा बाहेर छातीच्या पोकळीत जाते आणि फुप्फुस तिच्याखाली दबून बसतं. मग कितीही ओढला तरी श्वास पुरत नाही.

सुधाकरभाऊ माझा थोरला भाऊ. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास नागपूरच्या एका रॉक बँडमध्ये वाजवायचा. मुंबईहून रेकॉर्डिंगचं बोलावणं आलं की गाडी धरायचा. रेकॉर्डवर त्याचं नाव कुठेच नसे. तरी रेडिओवर त्याचे सूर लागले की नंदनवन वस्तीतली आमची गल्ली आवाज वाढवायची.

त्या सकाळी सराव करताना त्याच्या छातीत कळ आली. गॅस समजून आईनं ओवा दिला. दुपारी त्याला वाक्य पुरं करता येईना. तुमच्या घरी कुणाच्या छातीत असं एका बाजूला दुखून धाप लागली, तर ओव्यावर थांबू नका.

बरगड्यांमधून नळी घातली. तिचं टोक खाटेखाली पाण्याच्या बाटलीत. बुडबुडे येताहेत तोवर छिद्र उघडं, असं सिस्टरनी सांगितलं. मी बाटलीकडेच बघत बसायची. एकदा बुडबुडे थांबले. भाऊ खोकला आणि पुन्हा सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, छिद्र आपोआप बुजत नाही, आता छाती उघडून छिद्र शिवावं लागेल.

त्यातच शेजाऱ्यांकडे मुंबईचा फोन आला. मोठं रेकॉर्डिंग होतं, थांबणार नव्हतं.

"त्यायले सांग, मी येऊन राहिलो," भाऊ म्हणाला.

"भाऊ, तुह्या छातीत नळी हाय."

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी तसं नाही कळवलं. ऑपरेशनला नेईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. दाराबाहेर बसून मला एकच वाटत होतं, हा अबोला शेवटचा ठरू नये.

ऑपरेशन झालं, मिटलेलं फुप्फुस पुन्हा फुललं. शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं, "तू जेवली का वं?" मी रडले. तो पुन्हा वाजवेल, असं वचन मात्र डॉक्टरांनी दिलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांच्या परवानगीनं तो पुन्हा स्टुडिओत उभा राहिला. मी सोबत होते. एका लांब सुरात त्याचा दम संपला. मधेच थांबून त्यानं श्वास घेतला आणि सूर पुरा केला. पुन्हा घ्यायचं का, त्यानं विचारलं. संगीतकार म्हणाले, असंच राहू द्या.

त्यानंतर भाऊ पुष्कळ जगला, वाजवत जगला. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरले नाही. आता भाऊ नाही. ते गाणं अजून रेडिओवर लागतं, आणि लोक त्या थांबण्याला 'वा!' म्हणतात. पुढचा सूर येईपर्यंत मी मात्र खुर्चीचा हात घट्ट धरून असते.